वृंदगानाला सिंथची जोड देताना या चुका टाळा

वृंदगान, ख्यालगायन आणि अँबियंट (संथ, लांबत जाणाऱ्या सुरांचं) इलेक्ट्रॉनिक संगीत एकत्र बांधू पाहणाऱ्या गटांच्या तालमी मी ठाण्यात आणि वाशीत ऐकत आले आहे. अडचणी जवळपास सगळीकडे सारख्याच असतात आणि बहुतेकींचं मूळही एकच असतं. यंत्राचा सूर आणि यंत्राची लय पक्की धरायची आणि गळ्यांना तिच्यामागे पळवायचं. गळे पळतातही, पण गाण्यातला जीव जातो. सिंथला (सिंथेसायझरला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सूर काढणाऱ्या कीबोर्डला) मात्र हवं तसं वळवता येतं आणि त्यात त्याचं काहीच कमी होत नाही. म्हणून दुरुस्तीची सुरुवात नेहमी सिंथपासून करा.

पॅडमध्ये गंधार भरून ठेवणं

तक्रार अशी असते: गाणारे सुरात, पॅड (सिंथवर मागे लांबत राहणारा सूर) सुरात, पण दोन्ही एकत्र आले की कानाला टोचतं. काळी चार पट्टी घेऊ, म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी सा धरू. बायकांच्या गळ्यातला मध्य सप्तकाचा सा साधारण २०७.७ हर्ट्झवर येतो. तानपुऱ्यावर तयार झालेला गळा शुद्ध गंधार साच्या सव्वापट लावतो, म्हणजे सुमारे २५९.६ हर्ट्झवर. सिंथमध्ये सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे तिथला गंधार २६१.६ ला येतो. फरक १४ सेंटचा (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). दोन्ही एकत्र लागले की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. भावगीतात हे निसटून जातं, अँबियंटमध्ये नाही, कारण तिथे एकेक सूर वीस-वीस सेकंद लांबतो आणि ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष त्या एका सुरावरच असतं.

पाश्चात्त्य पद्धतीने चार भागांत गाणाऱ्या कॉयरचंही तसंच आहे. साथ नसली की चांगला कॉयर तिसरा स्वर (म्हणजे गंधार) आपोआप शुद्ध लावतो.

उपाय सोपा आहे. पॅडमध्ये फक्त सा आणि पंचम ठेवा. पंचमात दोन्ही पद्धतींतला फरक जेमतेम २ सेंट आहे, तो कुणाला खटकत नाही. गंधार, धैवत, निषाद गळ्यांना लावू द्या. पॅडमध्ये गंधार हवाच असेल तर मायक्रोट्यूनिंगमध्ये (एकेक सूर बारीक हलवण्याच्या सोयीत) जाऊन तो १४ सेंटने उतरवा, आणि कोमल गंधार असेल तर साधारण १६ सेंटने चढवा. गाणाऱ्यांच्या आवाजावर ऑटोट्यून (सूर आपोआप सरळ करणारं सॉफ्टवेअर) लावून हा प्रश्न सोडवणारे लोक मला मुळीच पटत नाहीत. त्या १४ सेंटमध्येच वर्षांचा रियाझ असतो.

राग मात्र बघून घ्या. मालकंसात पंचम नाही, तिथे सा-मध्यम ठेवा. मारव्यातही पंचम वर्ज्य आहे, म्हणून तानपुरा निषादावर लावतात. सिंथवाल्याने कीबोर्ड उघडण्याआधी गायकाला दोनच गोष्टी विचाराव्यात: पट्टी कुठली आणि तानपुरा कशावर लावता?

जुळवण्याचा क्रमही बरेचदा उलटा होतो. सिंथ ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर ठेवून बाकीच्यांना बोलावलं जातं आणि मग हार्मोनियम किंचित चढी निघते. हार्मोनियम काही स्टेजवर बदलता येत नाही. म्हणून सिंथचं मास्टर ट्यूनिंग (सगळे सूर एकदम वरखाली करणारी सोय) आधी हार्मोनियमशी जुळवा, मग तानपुरा, मग तबला. एसी त्याआधी अर्धा तास सुरू झालेला असू द्या. आपल्याकडच्या दमट हवेतून थंड हॉलमध्ये आलेलं चामडं आणि तारा दोन्ही सरकतात.

आणखी एक. साथीशिवाय गाणारा मोठा समूह दोन-तीन मिनिटांत थोडा उतरतो. हा दोष नव्हे, समूहाच्या गळ्याचा स्वभाव आहे. त्यानंतर पॅड मूळ जागी परत आला की सगळं बेसूर वाटतं आणि खापर गाणाऱ्यांवर फुटतं. सिंथवाल्याने फाइन ट्यूनची कळ हाताशी ठेवावी, हेडफोनमध्ये गळ्यांचा सा ऐकावा आणि तिथेच उतरून मग यावं.

पुरुष आणि बायका एकाच पट्टीत

काळी चारला पुरुष घुसमटतात, काळी एकला बायकांचा आवाज खाली जातो. मधली पट्टी काढली तर दोघेही अवघडतात. त्यापेक्षा पुरुषांना काळी एक द्या आणि बायकांना काळी चार. पुरुषांचा पंचम हाच बायकांचा सा होतो. पंडित जसराज यांनी मांडलेली जसरंगी जुगलबंदी (स्त्री आणि पुरुष गायक आपापल्या पट्टीत एकत्र गातात ती) अशाच मूर्च्छनेच्या, म्हणजे तेच सूर वेगळा सा धरून गाण्याच्या, नात्यावर उभी आहे. पॅडमध्ये हे दोनच सूर ठेवले की दोघांनाही आधार मिळतो.

धोका एवढाच, की पुरुषांचा सा बायकांच्या कानाला शुद्ध मध्यम लागतो. बायका यमन किंवा भूप गात असतील तर तो मध्यम सतत बोचेल. अशा वेळी खालचा सूर बंद ठेवा.

लूपला लय समजणं

विलंबित ख्यालात गायक समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येतो तो स्वतःच्या श्वासाने. कॉयर दिग्दर्शकाच्या हाताकडे बघतो. मिनिटाला ६० ठोक्यांच्या गतीत बांधलेला लूप (पुन्हापुन्हा फिरणारा सुरांचा तुकडा) यातलं काहीच बघत नाही. मग क्लिक (यंत्राचा ठोका) कानात घालून गायचं ठरतं आणि बंदिशीचा मुखडा कवायतीसारखा येतो.

अँबियंट संगीतकार ब्रायन एनो यांनी १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या विमानतळासाठीच्या संगीतात बायकांच्या आवाजातले एकेक सूर वेगवेगळ्या लांबीच्या टेपवर फिरवले. लांबी वेगळी असल्याने ते सूर दर वेळी नव्या जागी भेटतात आणि ठोका कुठेच तयार होत नाही. आपल्यालाही तसंच हवं: बीपीएमला (मिनिटाच्या ठोक्यांना) न बांधलेले, एकमेकांत न बसणारे लूप. जिथे बदल हवा तिथे सिंथवाल्याने दिग्दर्शकाचा हात बघून किंवा तबल्याची सम ऐकून कळ दाबावी. त्याला मान खाली घालून बसायची मुभा नाही. त्याची जागा तबलजीच्या शेजारी, प्रेक्षकांतल्या मिक्सरपाशी नव्हे.

उशिराचं गणितही ध्यानात ठेवा. आवाजाला एक मीटर जायला साधारण ३ मिलिसेकंद लागतात. स्पीकर बारा मीटरवर असेल तर मागच्या रांगेला पॅड ३५ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. छोटा मॉनिटर (गाणाऱ्यांना ऐकण्यासाठीचा स्पीकर) गाणाऱ्यांच्या मधोमध ठेवा. ब्लूटूथचं काहीही स्टेजवर आणू नका.

एकच रिव्हर्ब सगळीकडे

ठाण्याचं गडकरी रंगायतन किंवा वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, या जागा नाटकासाठी बांधलेल्या. संवाद स्पष्ट ऐकू यावा म्हणून तिथे घुमारा कमी असतो. उंच छताच्या दगडी चर्चमध्ये घुमारा आधीच भरपूर. नाट्यगृहात शोभणारा सहा सेकंदांचा रिव्हर्ब (यंत्राने आणलेला घुमारा) चर्चमध्ये लावला तर शब्दांचा काला होतो. तिथे रिव्हर्ब शून्यावर आणून सुरुवात करा आणि पॅडला लागेल तेवढाच चढवा.

शास्त्रीय गाण्यात दुखणं आणखी खोल आहे. लांब रिव्हर्बमध्ये मागचा सूर जिवंत राहतो आणि पुढचा त्यावर चढतो. ललतात दोन्ही मध्यम लागोपाठ येतात. ते हवेत एकत्र राहिले की रागाचा चेहराच पुसला जातो. सिंथला हे मिसळणं शोभतं, गायकाला नाही. म्हणून पॅडला वेगळा रिव्हर्ब द्या, गळ्याला वेगळा आणि आखूड. गळ्याच्या रिव्हर्बला ४०-५० मिलिसेकंद प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) द्या, म्हणजे व्यंजन आधी ऐकू येईल. २०० हर्ट्झच्या खालचा भाग रिव्हर्बमधून कापा. तान सुरू झाली की रिव्हर्बचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) खाली आलाच पाहिजे, त्यासाठी मिक्सरवर बंदिश माहीत असलेला माणूस बसवा.

माइक, गुणगुण आणि घड्याळ

प्रत्येकाला माइक देऊ नका. तीस जणांना दोन-तीन कंडेन्सर माइक पुरतात, पहिल्या रांगेच्या थोडे पुढे आणि वर. दोन माइकमधलं अंतर माइक ते गाणारा या अंतराच्या निदान तिप्पट ठेवा.

लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून गुणगुण येते. ती ५० हर्ट्झची आणि तिची दुप्पट १०० ची. काळी चारचा खर्ज सा १०३.८ वर असल्याने सेकंदाला जवळपास चार हेलकावे येतात आणि मंद पॅडखाली ते लपत नाहीत. चार्जर काढून बघा. गुणगुण गेली तर आयसोलेशनचा डीआय बॉक्स (लॅपटॉप आणि मिक्सरमधला विजेचा थेट संबंध तोडणारी पेटी) लावा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जिवाला धोका आहे.

ठाण्यातल्या उपवन तलावाकाठी किंवा अशाच उघड्या जागी कार्यक्रम असेल तर २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद. बंद नाट्यगृहाला यात सूट आहे, मोकळ्या जागेला सणासुदीच्या ठरावीक दिवशीच परवानगीने. अँबियंट रचनेचा शेवट सावकाश विरत जाणारा असतो, त्याला पाच-सात मिनिटं लागतात. ती धरून शेवटची रचना साडेनऊलाच सुरू करा.