मोरीवरचं सिंक

गिरगावातल्या आमच्या खोलीत डार्करूम (फोटो छापायची अंधारी खोली) म्हणजे रात्री दहानंतरची मोरी. ८ बाय १० इंची प्रिंटचे तीन ट्रे जमिनीवर मांडून उकिडवं बसलं की तासाभरात कंबर बोलायला लागायची. म्हणून १८ मिमी मरीन प्लायचं साडेतीन फुटी उथळ खोकं सिंक म्हणून ठोकलं आणि ऑइलपेंट मारला. तिथेच चुकलं. पावसाळ्यात कोपरे फुगले, हायपो (फोटो पक्का करणारं रसायन) सांडला तिथे रंगाचे पापुद्रे सुटले.

मग सगळं खरवडून पंधरा दिवस नुसतं वाळवलं (मुंबईच्या ऑगस्टमध्ये वाळवणं म्हणजे टेबलफॅनची कृपा). सांधे इपॉक्सीने (पाणी न शिरू देणाऱ्या राळेने) भरले, त्यांवर फायबरग्लास मॅटच्या पट्ट्या, वर इपॉक्सीचे दोन हात. निचऱ्याच्या जाळीकडे अर्धा इंच उतार दिला. पण त्याने ट्रेही कलले, डेव्हलपर (फोटो उमटवणारं द्रावण) एका कडेला जमायला लागला. ट्रेंखाली सागवानी पट्ट्यांचा पाट, एका बाजूने पाचर मारून, ठेवला तेव्हा सपाटी आली.

निचऱ्याला पीव्हीसी पाइप, थेट मोरीत. त्यातून फक्त प्रिंट धुतल्याचं पाणी जातं. वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते, तो वेगळ्या कॅनमध्ये साठवतो. आईने कॅनवर खडूने ‘विष’ लिहून ठेवलंय.