शॉर्ट फिल्मचा स्टोरीबोर्ड: चित्रकला येत नसली तरी काढाच

स्टोरीबोर्ड म्हणजे फिल्मचे शॉट आधी कागदावर एकेका चौकटीत चित्र काढून ओळीने मांडणं. बरेच जण म्हणतात मला चित्र काढता येत नाही, मग स्टोरीबोर्ड कसा करू. अहो, गोल डोकं आणि काड्यांचे हातपाय आले तरी पुरतं. फ्रेममध्ये कोण कुठे आहे, किती मोठं दिसतंय आणि कुठे बघतंय एवढं कळलं की झालं.

आधी चौकटी आखा. फिल्म १६:९ मध्ये, म्हणजे रुंदी १६ तर उंची ९ अशा प्रमाणात असेल तर ८ सेंटीमीटर रुंद आणि साडेचार उंच, ए४ कागदावर अशा सहा आरामात बसतात आणि खाली लिहायलाही जागा उरते. मी मात्र प्रत्येक चौकट कापून वेगळी करते, कारण क्रम सारखा बदलावासा वाटतो. १९३० च्या दशकात डिस्ने स्टुडिओत चित्रं बोर्डावर टाचण्यांनी लावायचे ते याचसाठी, हवं तसं हलवता यायचं.

आता एक सीन घेऊ. आजोबा खुर्चीत बसलेत, नात पत्र घेऊन येते आणि त्यांना ते वाचता येत नाही. पहिली चौकट अख्खी खोली, दुसरी पत्र धरलेला हात, तिसरी आजोबांचा चेहरा. स्क्रिप्टमध्ये सगळं नीट वाटत होतं, पण चौकटी ओळीने मांडल्या आणि कळलं की चष्मा लांब फळीवर राहिलाय हे प्रेक्षकाला कुठेच दिसत नाहीये!! तो क्लोजअप लिहायचाच राहिला होता. हे कागदावर सापडलं तर दोन मिनिटांचं काम, एडिटिंगला बसल्यावर सापडलं तर सगळ्यांना परत बोलवा.

शेजारी खोलीचा वरून दिसणारा नकाशा काढा, नात आणि आजोबा यांच्यामधून एक रेघ मारा आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच बाजूला ठेवा. म्हणजे नात उजवीकडे बघत असेल तर आजोबा डावीकडे बघतील आणि दोघं समोरासमोर वाटतील, नाहीतर कट केल्यावर दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात आणि सीन विचित्र वाटायला लागतो.

माणूस हलत असेल तर बाण चौकटीच्या आत, कॅमेरा हलत असेल तर बाहेर.

मग मोबाईलने चौकटींचे फोटो काढा, एडिटिंग ॲपमध्ये ओळीने लावा, संवाद स्वतःच्याच आवाजात रेकॉर्ड करून खाली टाका. याला ॲनिमॅटिक म्हणतात आणि ही पायरी कृपया गाळू नका, तीन मिनिटांची वाटणारी फिल्म पाच मिनिटांची आहे हे इथेच समजतं.

शूटच्या आदल्या दिवशी चौकटींना नंबर द्या आणि कॅमेरा एकाच जागी असणारे शॉट एकत्र करा, वाइड शॉट, म्हणजे अख्खी खोली दिसणारे, आधी उरकले तर लाइट सारखे हलवावे लागत नाहीत. ज्यांच्याशिवाय गोष्ट कळणारच नाही त्या चौकटींवर लाल खूण करा, आपल्या सीनमध्ये ती चष्म्याची. उजेड जायला लागला की आधी लाल खुणांचे शॉट घ्या.