प्राण्यांची गमतीदार चित्रपुस्तकं वाचून दाखवताना या चुका टाळा

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी मे महिन्यात दुपारी ओट्यावर पाय ठेववत नाही. तेव्हा मधल्या घरात तीन ते सहा वर्षांची पोरं जमवून मी त्यांना चित्रपुस्तकं वाचून दाखवते. पहिल्या उन्हाळ्यात पुस्तकं छान होती, पण पोरं गप्प बसायची. चुकत होतं ते माझं वाचणं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओळ संपली की पान उलटणं. या पुस्तकांतली निम्मी गंमत शब्दांत नसतेच. समजा, ओळ आहे, ‘म्हैस शहाण्यासारखी झोपली.’ चित्रात मात्र म्हैस खाटेवर पसरलीय आणि मालक खाली गोणपाटावर. पोरगं आधी म्हैस बघतं, मग मालकाला शोधतं आणि मग हसतं. तेवढा वेळ द्या. छापलेला मोठा कागद घड्या घालून कापतात, म्हणून पानं आठ किंवा सोळाच्या पटीत निघतात. पुष्कळ चित्रपुस्तकं 32 पानांची असतात ती त्यामुळेच. एवढ्या मोजक्या जागेत चित्रकार उजव्या पानावर उत्सुकता ठेवतो आणि पान उलटल्यावर फजिती दाखवतो. म्हणून उलटण्याआधी थांबा, विचारा, ‘आते काय व्हई?’

हो, अहिराणीतच विचारा. घरात अहिराणी आणि पुस्तकात प्रमाण मराठी, अशा वेळी ओळ आहे तशी वाचावी, पण चित्रावरच्या गप्पा घरच्या बोलीत व्हाव्यात. ‘माकड काय करी ऱ्हायनं?’ म्हटलं की कोपऱ्यातलं लाजरं पोरही बोलतं. सातपुड्याच्या पायथ्याला घरी पावरी किंवा भिली बोलत असतील, तर तीच बोली वापरा.

एवढं करूनही मूल हसत नसेल, तर तो प्राणी त्याच्या ओळखीचा आहे का ते बघा. पोळ्याचा सजवलेला बैल त्याने पाहिलेला असतो, म्हणून शिंगांत बांगड्या घातलेला बैल बघून ते खिदळतं. पेंग्विन मुळात कसा चालतो हेच ठाऊक नसेल, तर सायकलवरच्या पेंग्विनचं त्याला काय वाटणार? आधी साधा फोटो दाखवा.

मूल घाबरलं तर ‘त्यात काय भ्यायचं!’ म्हणू नका. सातपुड्याच्या जंगलात अस्वलं आहेत, त्यांच्या गोष्टी पोरांच्या कानावर असतात. जबडा वासलेल्या अस्वलाचं पान त्याचं त्यालाच मिटू द्या.

‘यातून काय शिकलास?’ हा प्रश्न नकोच. गंमत फोड करून सांगणंही नको.

दोन वर्षांच्या आतलं मूल पानं फाडणारच. त्याला जाड पुठ्ठ्याची पुस्तकं द्या. निवडताना शब्द झाकून नुसती चित्रं चाळा. गोष्ट कळली तर घ्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत मराठी पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं फुकट वाचता येतात, पण फोनच्या पडद्यावर कोपऱ्यातली बारीक गंमत दिसत नाही. जमलं तर पानं छापून घ्या.

आणि तेच पुस्तक पुन्हा मागितलं तर ‘कालच वाचलं ना’ म्हणू नका. चौथ्या वेळी खाटेवर कोण आहे हे त्याला माहीत असतं, पान उलटायच्या आधीच ते हसायला लागतं. ते पान त्यालाच उलटू द्या.