पोटगीचा अर्ज टाकण्याआधी त्याचा आजचा पत्ता काढा

घटस्फोट झालेला नाही, एवढ्यात करायचाही नाही, पण मूल तुमच्याजवळ आणि नवरा खर्चाला दमडी देत नाही. अशा वेळी पोटगी मागता येते, घटस्फोटाचा दावा लावायची गरज नाही. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. जुने वकील अजून 'एकशेपंचवीस'च म्हणतात, गोंधळू नका. अर्ज तुम्ही राहता तिथे चालतो. माहेरी पंचवटीत आला असाल तर नाशिकलाच, नवरा पुण्यात असो की सुरतेत. शहरात कौटुंबिक न्यायालय, तालुक्याच्या गावी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी.

कागद सगळ्यांना माहीत असतात, भराभर सांगते. मुलाचा जन्मदाखला, दोघांची आधार, लग्नाचं प्रमाणपत्र. नसेल तर पत्रिका आणि फोटो. शाळेचं बोनाफाईड. झालं.

आता पत्ता. त्याचा, आजचा, पूर्ण. लग्नपत्रिकेवरचा नाही, आधारवरचा नाही, तुम्ही शेवटचं भांडून बाहेर पडलात त्या घराचाही नाही. मी तोच शेवटचा टाकला होता, सवयीने. तो खोली सोडून कधीच पाथर्डी फाट्याकडे गेला होता. पाकीट परत आलं, वर पोस्टमनने पेनाने एकच शब्द खरडलेला: लेफ्ट, म्हणजे इथून निघून गेला. पुढची तारीख, पुन्हा नोटीस, पुन्हा तेच, आणि शाळेची फी काही कोणासाठी थांबत नाही.

कायद्यात लिहिलंय की अंतरिम पोटगीचा, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा, अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा. वाचून बरं वाटतं. पण ते साठ दिवस तुम्ही अर्ज टाकल्यापासून नाहीत, त्याला नोटीस बजावल्यापासून आहेत. बजावणीच नाही तर मोजणीच सुरू होत नाही. म्हणून पत्ता.

पूर्ण म्हणजे कसा? 'त्रिमूर्ती चौकाजवळ, सिडको' हा पत्ता नाही. सिडकोत घरांना एन पासून सुरू होणारे योजनेचे नंबर असतात, तो नंबर हवा. फ्लॅट असेल तर सोसायटीचं नाव, विंग, मजला. समन्स पोलिसांमार्फत गेलं तर ठाणं कुठलं, अंबड की इंदिरानगर, हेही विचारून ठेवा. चुकीच्या ठाण्यात गेलेला कागद तिथेच पडून राहतो. कंपनीचाही पत्ता द्या. नुसतं 'अंबड एमआयडीसी' नको, प्लॉट नंबर आणि तो कुठल्या विभागात आहे ते लिहा. गावाकडचा तिसरा पत्ता द्या, मुक्काम, पोस्ट, तालुका. वर मोबाईल आणि ईमेल. एकाच अर्जात तीन पत्ते दिले म्हणून कोणी हसत नाही. स्वतः दारात जाऊ नका, भांडण होईल आणि तेच तुमच्यावर उलटेल. भावाला नाहीतर मावसभावाला पाठवा, नावाच्या पाटीचा फोटो आणायला सांगा. मध्येच त्याने घर बदललं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, वकिलाला सांगून नवा पत्ता लगेच रेकॉर्डवर आणा.

पाकिटावर 'रिफ्यूज्ड' शेरा आला तर उलट बरं. घ्यायला नकार म्हणजे बजावणी झाल्यातच जमा. 'लेफ्ट' आणि 'अपुरा पत्ता' हे खरे वैरी. आणि चुकीच्या पत्त्यावर एकतर्फी हुकूम, म्हणजे तो हजर नसताना झालेला, मिळाला म्हणून पेढे वाटू नका. तीन महिन्यांच्या आत सबळ कारण दाखवून नवरा तो हुकूम रद्द करून घेऊ शकतो, 'मला नोटीसच मिळाली नाही' हे त्याचं पहिलं वाक्य असेल आणि ते खरंही असेल. मग परत पहिल्यापासून. पत्ता, पत्ता, पत्ता.

अर्जात मुलाला स्वतंत्र अर्जदार करा: अर्जदार क्रमांक दोन, अज्ञान (म्हणजे वयाने लहान), पालनकर्ती आई. वकील विसरला तर आठवण करा. तुमची पोटगी अडकवायला त्याच्याकडे मुद्दे असतात. विनाकारण घर सोडलं म्हणेल, नाहीतर परस्पर संमतीने वेगळे राहतो म्हणेल. मुलाच्या बाबतीत यातलं काही चालत नाही. याच कारणासाठी चार नातेवाईक बसवून स्टँप पेपरवर सोडचिठ्ठी लिहून देऊ नका. त्याने लग्न मोडत नाही, पण 'आम्ही राजीखुशीने वेगळे' ही ओळ तुमच्याच गळ्यात पडते. आधीच लिहून दिलं असेल आणि त्यात 'मुलाचा खर्च मागणार नाही' असं असेल तरी घाबरू नका. मुलाचा हक्क आईने परस्पर सोडून द्यायचा नसतो.

खर्च महिनावार मांडा. फी, व्हॅन, क्लास, दवाखाना, भाड्यातला मुलाचा वाटा, दूध. व्हॅनवाला पावती देत नाही, त्याला पैसे फोनवरूनच पाठवा, आपोआप नोंद राहते. आकडा फुगवू नका. एका बाबतीत खोटं सापडलं की बाकीचं खरंही संशयात जातं.

मग मिळकतीचं प्रतिज्ञापत्र. सुप्रीम कोर्टाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. तुम्हालाही. शिलाईचे, डब्यांचे पैसे लपवू नका, तो तुमच्या खात्याचा उतारा मागवेल. आई कमावते म्हणून बाप सुटत नाही, दोघांच्या ऐपतीप्रमाणे वाटा पडतो. त्याचं पगारपत्रक, फॉर्म १६ ची जुनी प्रत घरात असेल तर शोधा. शेती असेल तर आणखी मजा. निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग असते आणि कोर्टात मात्र 'शेती वडिलांच्या नावावर, मी नुसता मदत करतो'. सातबारा ऑनलाइन निघतो, गट नंबर माहीत हवा. कांदा त्याच्या नावावर विकला जात असेल तर बाजार समितीची हिशोबपट्टी सोन्यासारखी. शेतकऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा नमुना वेगळा आहे, त्याने नोकरदाराचा भरून जमिनीचे रकाने चुकवले नाहीत ना, हे बघा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. नाशिकला सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात जाऊन विचारा. आणि थांबायचं नाही याचं दुसरं कारण: रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणेच पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. वेगळे झाल्याची तारीख कोणी विचारत नाही. त्याआधीचे महिने गेले ते गेले. पत्ता शोधायला आठवडा घ्या, वर्ष नको.

मूळ अर्जासोबत अंतरिम पोटगीचा वेगळा अर्ज टाकलाच पाहिजे. सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा सोळा अक्षरी नंबर, फोनमध्ये ठेवा आणि ई-कोर्ट्स ॲपवर स्वतः बघत जा. तारीख काय पडली ते दिसतं, बजावणीचं काय झालं ते वकिलाला विचारा. परत पत्त्यावर घोडं अडलंय का, हे तुम्हालाच बघायचंय, दुसरं कोणी बघत नाही.

कोर्टाचे समुपदेशक बोलावतील, जा. तोंडी काही कबूल करू नका, आकडा लेखी घ्या. हुकूम झाला की पैसे खात्यावर मागा, हातात रोख नको. थकले तर वसुलीचा अर्ज थकल्या तारखेपासून वर्षाच्या आत करा, त्यापेक्षा जुन्या थकबाकीवर वॉरंट निघत नाही. त्यातही त्याचा पत्ता लागतोच. फी वाढली तर नव्या पावत्या जोडून वाढीचा अर्ज करता येतो, ते तेव्हा बघू.