केनियातल्या खेड्यात स्वयंसेवक म्हणून जाताय? या चुका टाळा

निफाड-दिंडोरीकडच्या शेतकी पदवीधराला पश्चिम केनियातलं खेडं पहिल्या दिवशी परकं वाटतच नाही. लाल माती, मक्याची शेतं, डाव्या बाजूनं चालणारी वाहनं, दूध घालून उकळलेला चहा. एवढंच काय, ताटात चपाती! (१८९६ ते १९०१ या काळात केनियातून जाणारी ‘युगांडा रेल्वे’ बांधायला गेलेले हिंदी मजूर आणि त्यांच्या मागून गेलेले दुकानदार, यांची ही देणगी.) घोटाळा होतो तो इथंच. अगदी अनोळखी मुलुखात माणूस विचारून पाऊल टाकतो. ओळखीचं वाटलं की विचारणं थांबतं. खालच्या बऱ्याचशा चुका ‘हे तर आपल्याकडच्यासारखंच’ या समजुतीतून होतात.

निघण्याआधी

सगळ्यात आधी संस्था. अमेरिकेच्या ‘पीस कोअर’चं नाव ऐकून अर्ज शोधत बसू नका, तिथं फक्त अमेरिकी नागरिकांना घेतात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ वर्षांपासून नोंदणी करता येते आणि त्याला फी नाही. त्यामुळे त्या कार्यक्रमाच्या नावानं ‘प्रोसेसिंग फी’ मागणारा एजंट कॉलेज रोडच्या कितीही चकचकीत ऑफिसात बसलेला असो, तिथून उठा. अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांना खेळवण्याचं पॅकेजही नकोच. अशा अनेक आश्रमांतल्या मुलांचे आईवडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशावर चालणाऱ्या आश्रमाला मुलं घरी परत पाठवण्यात रस नसतो.

दुसरी चूक कागदपत्रांची. आपले पासपोर्ट छापले जातात आपल्याच नाशिक रोडच्या प्रेसमध्ये. पण पासपोर्ट हातात आला म्हणजे परवानगी मिळाली, असं नाही. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ‘ईटीए’ ही ऑनलाइन परवानगी सुरू केली. ती प्रवासाची परवानगी आहे, कामाची नव्हे. पगार नाही म्हणजे ते कामच नाही, हा आपला हिशेब तिथं चालत नाही. धर्मादाय कामासाठी ‘क्लास आय’ परमिट असतं, आणि मुक्काम लांबणार असेल तर त्याची तजवीज बोलावणाऱ्या संस्थेनं करायला हवी. ‘टुरिस्ट म्हणून या, पुढचं पुढं बघू’ असं म्हणणारी संस्था अडचणीच्या वेळीही ‘पुढचं पुढं’च बघते.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. प्रमाणपत्र त्यानंतरच ग्राह्य धरतात, मग मात्र ते आयुष्यभर चालतं. गंमत म्हणजे याची खरी गरज परत येताना लागते. केनियाहून येणाऱ्याकडे ते नसेल, तर भारतातल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस मान्यताप्राप्त केंद्रांवरच मिळते, तेव्हा मुंबईतल्या केंद्राची तारीख तिकिटाच्या आधी बघा.

बॅगेबद्दल थोडक्यात. आई चिवडा ज्या कॅरीबॅगेत बांधून देईल ती घरीच ठेवा. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि कायद्यात चार वर्षांपर्यंत कैद आहे. चिवडा डब्यात भरा. आपल्या गोल पिनांचा प्लग तिथल्या चौकोनी खाचांत बसत नाही, अडॅप्टर लागेल. आणि ‘तिकडच्या शेतकऱ्यांना दाखवू’ म्हणून घरच्या कांद्याचं बी किंवा द्राक्षाच्या काड्या मुळीच नेऊ नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र नसलेलं बी-बियाणं विमानतळावरच जप्त होतं. व्हायलाही हवं.

मलेरिया, आणि गोदावरीची सवय

‘मलेरिया काय, आपल्याकडेही असतो’ हे वाक्य सगळ्यात महागात पडतं. व्हिक्टोरिया सरोवराच्या भोवती फाल्सिपॅरम या जिवावर बेतू शकणाऱ्या जातीचा मलेरिया बारमाही आहे. नाशकात वाढल्यामुळे त्याविरुद्ध कसलीही ताकद अंगात येत नाही. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून निघण्याआधी सुरू करा आणि परतल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण करा. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे. मच्छरदाणी रोज. तिथं ताप आला तर ‘उद्यापर्यंत बघू’ नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. गोळ्या चालू असल्या तरीही.

दुसरा धोका आपल्या ध्यानीमनी नसतो. नदी, तळं दिसलं की आपण पाय सोडून बसतो. गोदाकाठच्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. पण सरोवराच्या काठच्या उथळ, गवताळ पाण्यात गोगलगायी असतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणारे बिल्हार्झिया या आजाराचे सूक्ष्म जंतू सरळ कातडीतून शरीरात शिरतात. पाणी प्यायची गरज नाही, गुडघाभर उतरलं तरी पुरे. सुरुवातीला फार तर खाज येते. ताप, पोटदुखी, शौचातून रक्त हे पुढं, कित्येकदा माणूस घरी परतल्यावर. स्थानिक मुलं पोहतात म्हणून ते पाणी सुरक्षित ठरत नाही. चुकून उतरलातच, तर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून घ्या. प्राझिक्वांटेल या औषधानं हा आजार बरा होतो.

गावात शिरताना

स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आठ म्हणजे दोन. ‘दोनला बैठक’ ऐकून दुपारी दोनला पोचलात, तर बैठक सकाळी आठलाच झालेली असते. इंग्रजीत बोलताना बहुधा आपलंच घड्याळ चालतं, म्हणून ‘सकाळी की दुपारी?’ एवढं विचाराच.

पहिल्या आठवड्यात यजमानाला बरोबर घेऊन गावचे वडीलधारे आणि सहायक चीफ यांना भेटा. ते न करता शाळेत किंवा शेतात काम सुरू केलंत तर कोणी अडवणार नाही. फक्त बैठकीला कोणी येणार नाही.

आता थोडं नाजूक. तुमच्या आधी शंभर वर्षं तिथं ‘मुहिंदी’, म्हणजे हिंदी माणूस, पोचलेला आहे. २०१७ मध्ये सरकारनं आशियाई वंशाच्या केनियन लोकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, पण खेड्यातल्या माणसाची त्यांच्याशी ओळख बहुधा दुकानाच्या गल्ल्यापलीकडून झालेली असते. त्यामुळे लोक तुम्हाला मालक समजतील, पैसे मागतील किंवा जपून बोलतील. यात तुमचा दोष नाही आणि त्यांचाही नाही. चूक होते ती पुढं: एकटं वाटलं की दर शुक्रवारी किसुमू शहरातल्या एखाद्या गुजराती घरी डाळ-भातासाठी पळणं. महिन्यातून एकदा जरूर जा. पण गावातले दफनविधी सहसा शनिवारी असतात, शहरात गेलेली माणसं त्यासाठी परततात, आणि माणसं जोडली जातात ती तिथंच. पैशांचंही तेच: कोणाला एकेकट्याला उसने देऊ नका, दुखवट्याची किंवा शाळेची वर्गणी निघेल तेव्हा यजमानाला विचारून इतरांइतकीच चारचौघांत द्या.

बायकांचे ‘चामा’, म्हणजे पैसे जमवणारे गट, बघून आपल्याला बचत गट आठवतात. बरेचसे मुळात भिशीच्या जवळचे असतात. पहिल्याच दिवशी हिशेबाची वही मागणारा परका माणूस आपल्या भिशीत आपण तरी बसू देऊ का?

शेतकीवाल्यांसाठी खास

मार्च म्हणजे आपल्याकडे द्राक्षांची काढणी. तिथं ती पेरणीची वेळ, कारण मोठा पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर असतो. एप्रिलमध्ये प्रशिक्षण ठेवाल तर सगळे खुरपणीला गेलेले. जानेवारी-फेब्रुवारीत पोचणं बरं.

मक्यात जांभळी फुलं दिसली की ‘तण आहे, उपटा’ म्हणून मोकळे होऊ नका. तो स्ट्रायगा, म्हणजे ज्वारीतला आपला टारफुला. तो मक्याच्या मुळांवर जगतो, फूल दिसेपर्यंत पिकाचं नुकसान झालेलं असतं आणि त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. त्यावर तिथल्याच ‘इसिपे’ या संशोधन संस्थेची पद्धत आहे: ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय चारापीक, कडेनं नेपियर गवत. तण दबतं, खोडकिडा दूर राहतो आणि जनावरांना चाराही मिळतो. गावात हे कोणी करत असेल तर आधी त्याच्या बांधावर जाऊन बसा. ठिबकचं भाषण पुढच्या हंगामात.

परतल्यावर

नाशकात आल्यावर काही महिन्यांत कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘मी केनियातल्या खेड्यात राहून आलोय.’ सरोवरात उतरला असाल तर तेही. आपण सांगितलं नाही तर पावसाळ्यातल्या तापात डेंग्यूची तपासणी होते, आणि बिल्हार्झिया इथल्या दवाखान्यात सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही.