बडोद्याची जुनी मराठी पुस्तके घरबसल्या कशी शोधावीत

दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या मराठी घरांत एक हळहळ नेहमी ऐकू येते: आजोबांकडे अमुक पुस्तक होते, घर बदलताना गेले. सयाजीराव महाराजांनी १९१० साली राज्यात ग्रंथालयांची चळवळ उभी केली, ‘सयाजी साहित्यमाले’तून मराठी-गुजराती पुस्तके काढली. त्या काळची कितीतरी पुस्तके आज स्कॅन होऊन इंटरनेट अर्काइव्ह (archive.org) या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. तरी लोक एकदा शोधतात आणि ‘नाही’ म्हणून सोडून देतात. पुस्तक पुष्कळदा असते. तिथे त्याचे नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले असते.

आधी कागदावर नाव, लेखकाचे आडनाव आणि साल लिहा. साल शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुनमधले असेल तर ७९. विक्रम संवत असेल तर ५६ वजा करा, कार्तिक ते डिसेंबरमधले असेल तर ५७. बडोद्याच्या छपाईत दोन्ही सापडतात, म्हणून हे आधीच करून ठेवावे.

मग शोध. पहिल्यांदा देवनागरीत टाका. सापडले नाही तर रोमन लिपीत, आणि इथेच धीर धरायचा. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पात स्कॅन केलेली पुस्तके अर्काइव्हवर आहेत, पण त्यांची मराठी नावे रोमनमध्ये कशीही टंकलेली आहेत. ‘चरित्र’ शब्दात कुठे ‘सी-एच’, कुठे नुसता ‘सी’. शहराचे नाव ‘बरोडा’ घालून पाहा. गायकवाड हे नाव जुन्या इंग्रजीत शेवटी ‘आर’ लावून लिहीत, तेही करून पाहा. पूर्ण नावाऐवजी त्यातला एखादाच ठळक शब्द घेतला तर जास्त हाती लागते. आतल्या मजकुरातून शोधण्यावर विसंबू नका. जुन्या देवनागरी छपाईत ते फारसे चालत नाही.

सापडले की लगेच मुखपृष्ठ उघडा. वर नाव एक आणि आत पुस्तक दुसरेच, असेही होते. पाने सलग आहेत का पाहा, पीडीएफ उतरवा आणि अर्काइव्हच्या वेबपानावरचा ओळखक्रमांक टिपून ठेवा. पुन्हा छापायचे असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे उलटली आहेत ना, याची खात्री हवी.

सरकारी कागदांसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आहे, नोंदणी मोफत. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना गादीवरून दूर केले, तो विषय इंग्रजांच्या परराष्ट्र खात्याच्या कागदांत शोधावा.

पोथ्यांसाठी मात्र सयाजीराव विद्यापीठाच्या प्राच्यविद्या मंदिरातच जा. छापील सूचीतून पोथीचा क्रमांक काढून अर्जात लिहा; नुसत्या विषयावरून मागितली तर शोधणाऱ्याचा आणि तुमचाही दिवस जातो. स्कॅनमध्ये पाने गळलेली निघाली, तर त्या पानांचे आकडे लिहून मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात छापील प्रत आहे का विचारा.