अख्ख्या देशाच्या पावसाच्या फाईलमधून ठाणे-नवी मुंबई कशी कापायची

हवामान खात्याची रोजच्या पावसाची ग्रिडवाली (म्हणजे नकाशावर ठरावीक अंतरावरच्या पॉइंटचे आकडे असलेली) फाईल अख्ख्या देशाची असते, १९०१ पासून दर वर्षाची एक, आणि आपल्याला हवं असतं फक्त ठाणे ते पनवेल. त्यासाठी प्रोग्रामिंग यायलाच पाहिजे असं काही नाही, सीडीओ नावाचं फुकट टूल पुरतं. उबुंटूवर टर्मिनलमध्ये सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीडीओ ही कमांड द्या, विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय) टाकून तेच करा.

कापायच्या आधी ग्रिड बघा, बरेच लोक इथेच घाई करतात. सीडीओ ग्रिडडेस आणि पुढे फाईलचं नाव दिलं की कळतं, पॉइंट ०.२५ अंशावर आहेत, म्हणजे साधारण २६-२८ किलोमीटरवर एक. त्यामुळे फक्त नेरुळ-बेलापूरपुरती टिचभर चौकट आखलीत तर तिच्यात एकही पॉइंट येणार नाही. चौकट ऐसपैसच घ्यायची.

आता कमांड: सीडीओ, मग स्पेस देऊन सेललॉनलॅटबॉक्स (सलग एकच शब्द, स्मॉल लेटर्समध्ये), कॉमा, आणि ७२.७,७३.४,१८.९,१९.४ हे चार आकडे मध्ये स्पेस न सोडता, मग मूळ फाईल, मग नव्या फाईलचं नाव. आधी दोन्ही रेखांश, मग दोन्ही अक्षांश, गूगल मॅप्सच्या बरोब्बर उलट. यात रेखांशाचे ३ आणि अक्षांशाचे २ असे ६ पॉइंट मिळतात, बास झाले.

एनसीकेएस (असंच फाईल कापणारं दुसरं टूल) वापरणाऱ्यांनी मात्र जपून, तिथे ७३ लिहिलंत तर तो रेखांश न समजता यादीतला क्रमांक समजतो, ७३.० असं दशांश चिन्ह देऊनच लिहायचं, आणि एरर येईलच असं नाही, गुपचूप भलताच भाग कापून देतो.

मग सीडीओ इन्फो चालवून किमान आकडा बघा. तिथे -९९९ दिसलं तर तो पाऊस नाही, डेटा नाही एवढाच अर्थ, बहुतेक समुद्रातला पॉइंट. सरासरीच्या आधी सेटसीटूमिस,-९९९ (हा आकडा 'डेटा नाही' समज, असं सांगणारी सीडीओची कमांड) चालवून घ्या, नाहीतर सरासरी उणे येईल!

आणि तारीख. नोंद सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांची असते, त्यामुळे २६ जुलै २००५ चा तो पाऊस फाईलमध्ये २७ जुलैला शोधायचा.